ॲडेनोव्हायरसचे द्विगुणन व कवचबांधणी

ॲडेनोव्हायरस हा दुपदरी, रेषाकृती डीएनए असलेला आणि बाहेरून मेदावरण नसलेला विषाणू आहे. मानवात तो मुख्यतः श्वसनमार्ग, डोळे व आतडे यांचे आजार निर्माण करतो. त्याचा डीएनए सुमारे ३६,००० आधारक-जोड्यांचा असून त्यातून साधारण चाळीस प्रथिने तयार होतात. एवढ्या थोड्या प्रथिनांच्या आधारे हा विषाणू पेशीचा ताबा घेतो, स्वतःच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढतो, त्यांच्याभोवती विंशतिफलकाकृती कवच उभारतो आणि शेवटी ते कवच पुढच्या पेशीत उघडेल अशा अवस्थेत आणून ठेवतो. बाधित पेशीतून एक ते दीड दिवसात सुमारे दहा हजार नवे विषाणुकण तयार होऊ शकतात.

ॲडेनोव्हायरसच्या द्विगुणनाचा अभ्यास केवळ या विषाणूपुरता उरला नाही. आरएनए-संधान, पेशीविभाजनावरील नियंत्रण आणि प्रथिनाच्या साहाय्याने सुरू होणारे डीएनए-द्विगुणन यांविषयीच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग याच अभ्यासातून आला आहे. कोव्हिड-१९ वरील काही लसी आणि जनुकोपचाराची अनेक वाहके याच विषाणूत फेरफार करून बनवली गेली.

शोध व अभ्यासाचा इतिहास

१९५३ साली वॉलेस रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या मानवी ॲडेनॉइड ग्रंथींच्या ऊतींचे संवर्धन करीत असताना पेशींचा नाश करणारा एक घटक वेगळा केला. पुढच्याच वर्षी मॉरिस हिलमन व सहकाऱ्यांना अमेरिकी सैन्यातील श्वसनविकाराने आजारी जवानांमध्ये असाच विषाणू आढळला. ग्रंथीच्या नावावरून १९५६ मध्ये ‘ॲडेनोव्हायरस’ हे नाव रूढ झाले. आज मानवी ॲडेनोव्हायरसचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांची ‘ए’ ते ‘जी’ अशा सात जातींत विभागणी केली जाते. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त अभ्यास ‘सी’ जातीतील प्रकार २ व प्रकार ५ यांचा झाला आहे. या लेखातील तपशील प्रामुख्याने त्यांनाच लागू पडतात.

१९६२ मध्ये जॉन ट्रेंटिन यांनी प्रकार १२ चा विषाणू नवजात हॅमस्टरमध्ये गाठी निर्माण करतो असे दाखवले. मानवी विषाणूमुळे प्राण्यांत कर्करोग होऊ शकतो याचा हा पहिला पुरावा होता. मानवात मात्र ॲडेनोव्हायरसमुळे कर्करोग होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी याच विषाणूच्या आरएनएचा अभ्यास करताना जनुके तुटक स्वरूपात असतात आणि आरएनएचे तुकडे जोडून संदेश तयार होतो, हे दाखवून दिले. या शोधासाठी दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये मार्क चॅलबर्ग व थॉमस केली यांनी बाधित पेशींच्या अर्कात, म्हणजे पेशीबाहेर, या विषाणूच्या डीएनएचे द्विगुणन घडवून आणले. तेव्हापासून द्विगुणनातील एकेक प्रथिन वेगळे काढून त्याचे काम तपासणे शक्य झाले. संपूर्ण विषाणुकणाची अणुपातळीवरील रचना २०१० साली क्ष-किरण स्फटिकशास्त्र आणि अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन या दोन पद्धतींनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली.

विषाणुकणाची रचना

विषाणुकणाचा व्यास सुमारे ९० नॅनोमीटर असतो. कवचाला २० त्रिकोणी पृष्ठे व १२ शिरोबिंदू असतात. कवचाचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे :

हेक्सॉन – कवचाचा सर्वांत मोठा भाग. तीन समान प्रथिनरेणू मिळून एक हेक्सॉन होतो. प्रत्येक पृष्ठावर १२ याप्रमाणे एकूण २४० हेक्सॉन, म्हणजे ७२० प्रथिनरेणू असतात.

पेन्टॉन-पीठ – पाच समान रेणूंचे पंचक. प्रत्येक शिरोबिंदूवर एक याप्रमाणे ही १२ असतात.

फायबर – पेन्टॉन-पीठातून बाहेर आलेला तंतू. तो तीन रेणूंचा असून त्याच्या टोकाला गाठीसारखा भाग असतो. पाच बाजूंच्या पीठावर तीन बाजूंचा तंतू बसवलेला असणे हे या विषाणूचे वैशिष्ट्य आहे.

सांधणारी प्रथिने – प्रथिन ३-ए, ६, ८ व ९. ही हेक्सॉनांच्या फटी भरतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट बांधतात. त्यांपैकी प्रथिन ९ बाहेरच्या बाजूस, तर इतर तीन आतल्या बाजूस असतात.

कवचाच्या आत डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिने असा गाभा असतो. अर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लाने समृद्ध असलेले प्रथिन ७ हे ऋणभारित डीएनएला घट्ट आवळून धरते. मानवी पेशीत हेच काम हिस्टोन प्रथिने करतात. गाभ्यात प्रथिन ५ आणि ‘म्यू’ नावाचे लहान प्रथिनही असते. डीएनएच्या दोन्ही टोकांना ‘अंत्य प्रथिन’ सहसंयुज बंधाने जोडलेले असते. यांखेरीज प्रत्येक कणात प्रथिने कापणाऱ्या विकराचे, म्हणजे प्रोटिएजचे, काही रेणू भरलेले असतात.

पेशीत प्रवेश

बहुतेक मानवी ॲडेनोव्हायरसांच्या फायबरची गाठ पेशीपृष्ठावरील ‘कार’ या ग्राहक प्रथिनाला चिकटते. कॉक्सॅकी विषाणूही याच ग्राहकाचा वापर करतात. ‘बी’ जातीचे बरेच प्रकार मात्र ‘सीडी४६’ किंवा डेस्मोग्लीन-२ यांचा आधार घेतात. त्यानंतर पेन्टॉन-पीठ पेशीच्या इंटेग्रिन प्रथिनांना बिलगते आणि पेशी विषाणूला पटलाच्या पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये, ओढून घेते. या टप्प्यावर फायबर गळून पडतात, शिरोबिंदू सैल होतात आणि आतील प्रथिन ६ बाहेर येते. या प्रथिनाचा एक भाग पटलाला छेद देणारा आहे. पिशवी फाटली की अर्धवट उघडलेले कवच पेशीद्रव्यात येते, पेशीच्या सूक्ष्मनलिकांवरून डायनिन या वाहक प्रथिनाच्या साहाय्याने केंद्रकाकडे जाते आणि केंद्रकपटलावरील छिद्रापाशी पोचते. तेथे ते पूर्ण विस्कटते व प्रथिन ७ ने वेढलेला डीएनए केंद्रकात शिरतो.

आरंभीची प्रथिने व पेशीचा ताबा

विषाणूची जनुके दोन टप्प्यांत कार्य करतात. डीएनएचे द्विगुणन सुरू होण्यापूर्वी जी व्यक्त होतात ती आरंभीची आणि त्यानंतर मुख्यतः व्यक्त होणारी ती उत्तरकालीन जनुके होत. आरंभीच्या जनुकांचे ई१ ते ई४ असे विभाग आहेत.

सर्वप्रथम ई१ए प्रथिन तयार होते. श्वसनमार्गाच्या बहुतेक पेशी विभाजन थांबवून स्थिरावलेल्या असतात. अशा पेशींत डीएनए घडवण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा साठा अपुरा असतो. पेशीत आरबी नावाचे प्रथिन ई२एफ या प्रतिलेखन-घटकाला धरून ठेवते आणि विभाजनावर लगाम घालते. ई१ए हे आरबीला चिकटते, त्यामुळे ई२एफ मोकळे होते आणि पेशी डीएनए-निर्मितीच्या अवस्थेत जाते. विषाणूचे ई२ जनुकही याच ई२एफवर चालते. अशा रीतीने एकाच कृतीने पेशीची सामग्री उपलब्ध होते आणि स्वतःची द्विगुणन-यंत्रणाही सुरू होते.

विभाजनाची अशी अवेळी सुरुवात झाली की निरोगी पेशी आत्मनाशाचा मार्ग पत्करते. नव्या प्रती तयार होण्यापूर्वीच पेशी मरण पावली तर विषाणूचाही शेवट होतो. हे टाळण्याचे काम ई१बी विभागाची दोन प्रथिने करतात. ई१बी-१९के हे पेशीतील बीसीएल-२ या संरक्षक प्रथिनासारखे वागून नियोजित पेशीमृत्यू रोखते. ई१बी-५५के हे पी५३ या पहारेकरी प्रथिनाला निष्प्रभ करते. पुढे ते ई४ विभागातील ओआरएफ६ प्रथिनाशी जोडी जमवते. ही जोडी पेशीच्याच युबिक्विटिन-यंत्रणेला हाताशी धरून पी५३ वर नाशाची खूण लावते आणि पेशीकडून त्याचे विघटन करवून घेते.

याच जोडीचे दुसरे लक्ष्य एमआरई११ हे प्रथिन आहे. पेशीतील दुरुस्ती-यंत्रणेला मोकळे टोक असलेला कोणताही दुपदरी डीएनए तुटलेल्या गुणसूत्रासारखा दिसतो आणि ती अशी टोके जोडू पाहते. ई४ विभाग काढून टाकलेल्या विषाणूचे डीएनए-रेणू खरोखरच एकमेकांना टोकाला टोक जोडले जाऊन लांब माळा होतात. त्या कवचात मावत नाहीत आणि त्यांचे पुढील द्विगुणनही खुंटते. ई४ ओआरएफ३ हे प्रथिनही याच यंत्रणेचे घटक मूळ जागेवरून हलवते आणि केंद्रकातील विषाणुविरोधी प्रथिनांच्या समूहांची मोडतोड करते.

ई३ विभागाची प्रथिने द्विगुणनासाठी अनिवार्य नसली तरी शरीरात टिकून राहण्यासाठी उपयोगी पडतात. त्यांपैकी एक प्रथिन एमएचसी वर्ग-१ चे रेणू पेशीपृष्ठावर पोचू देत नाही, त्यामुळे संरक्षक टी-पेशींना बाधित पेशी ओळखणे कठीण जाते. तसेच ‘व्हीए’ नावाचा लहान आरएनए पेशीतील पीकेआर या विकराला अडवतो. एरवी या विकराने विषाणूची चाहूल लागताच प्रथिननिर्मिती बंद केली असती.

डीएनएचे द्विगुणन

टोकांचा प्रश्न

डीएनए-पॉलिमरेज हे विकर आधी अस्तित्वात असलेल्या साखळीला पुढे न्यूक्लिओटाइड जोडू शकते. कोऱ्या जागेवरून नवी साखळी मात्र त्याला सुरू करता येत नाही. म्हणून मानवी पेशीत आरंभाला आरएनएचा छोटा तुकडा लावला जातो आणि नंतर तो काढून टाकला जातो. गोलाकार डीएनएत ही पद्धत बिनधोक चालते. रेषाकृती डीएनएच्या अगदी टोकाला मात्र काढलेल्या तुकड्याची जागा भरून निघत नाही आणि प्रत्येक फेरीत रेणू थोडा आखूड होतो. मानवी गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमिअर आणि टेलोमरेज विकर हे या अडचणीवरील उत्तर आहे. ॲडेनोव्हायरसने आरएनएऐवजी प्रथिनालाच आरंभबिंदू बनवून ही अडचण सोडवली आहे. फाय-२९ या जीवाणुभक्षी विषाणूतही असाच मार्ग आढळतो.

सहभागी प्रथिने

द्विगुणनाला विषाणूची तीन प्रथिने लागतात आणि तिन्ही ई२ विभागातून येतात : पूर्व-अंत्य प्रथिन, विषाणूचे स्वतःचे डीएनए-पॉलिमरेज आणि डीएनए-बंधक प्रथिन. पहिली दोन एकमेकांना घट्ट बिलगलेल्या जोडीच्या स्वरूपात वावरतात. पेशीकडून एनएफ-१ व ओसीटी-१ हे दोन प्रतिलेखन-घटक उसने घेतले जातात. विषाणूच्या डीएनएची दोन्ही टोके एकमेकांची उलटी प्रतिबिंबे असतात. प्रकार ५ मध्ये हा पुनरावृत्त भाग १०३ आधारक-जोड्यांचा आहे. द्विगुणनाचा आरंभ या भागाच्या पहिल्या सुमारे ५० जोड्यांत होतो.

आरंभ

एनएफ-१ व ओसीटी-१ हे टोकाजवळील आपापल्या जागी बसतात आणि पूर्व-अंत्य प्रथिन व पॉलिमरेज यांच्या जोडीला तेथे खेचून आणतात. पूर्व-अंत्य प्रथिनाच्या ५८० व्या स्थानी सेरिन हे अमिनो आम्ल आहे. त्याच्या हायड्रॉक्सिल गटावर पॉलिमरेज पहिले न्यूक्लिओटाइड, म्हणजे सायटोसिन असलेले, बसवते. अशा प्रकारे नव्या साखळीचे पहिले अक्षर प्रथिनाच्या अंगावरच लिहिले जाते आणि टोकाची जागा रिकामी राहत नाही.

पॉलिमरेज सुरुवात अगदी पहिल्या अक्षरापासून करीत नाही. साचा असलेल्या साखळीच्या टोकाला ‘जीटीए’ हा तीन अक्षरांचा क्रम लागोपाठ दोनदा येतो. पॉलिमरेज प्रथम चौथ्या ते सहाव्या स्थानासमोर ‘सीएटी’ ही तीन अक्षरे जुळवते. नंतर ही प्रथिनाला जोडलेली तीन अक्षरे मागे सरकून पहिल्या ते तिसऱ्या स्थानासमोर बसतात आणि तेथून साखळी पुढे वाढते. क्रम दोनदा आलेला असल्यामुळे ही माघार अचूक जुळते. टोकाच्या अक्षरांत एखादी चूक किंवा तूट असली तरी नव्या प्रतीत टोकाचा क्रम योग्य उमटू शकतो.

साखळीची वाढ

तीन-चार अक्षरे जुळली की पॉलिमरेज पूर्व-अंत्य प्रथिनापासून सुटते आणि साच्यावरून धावू लागते. त्याच्यात चुकीचे अक्षर काढून टाकण्याची क्षमताही आहे. येथे डीएनए-बंधक प्रथिनाचे महत्त्व लक्षात येते. दुपदरी डीएनए उलगडण्यासाठी बहुतेक जीवांत हेलिकेज हे ऊर्जा खर्च करणारे विकर लागते. ॲडेनोव्हायरसमध्ये ते लागत नाही. डीएनए-बंधक प्रथिनाच्या प्रत्येक रेणूच्या शेवटाला आकड्यासारखा एक हात असतो आणि तो शेजारच्या रेणूत अडकतो. असे अनेक रेणू साखळीने जोडले जात एकेरी पदरावर दाटीने बसत जातात. या जुळणीतूनच मिळणारी ऊर्जा दोन पदर वेगळे करण्यास पुरते. म्हणूनच या प्रथिनाचे लक्षावधी रेणू बाधित पेशीत तयार होतात.

साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग तयार होते, तिचे तुकडे पडत नाहीत. नवी साखळी घडताना जुन्या दोन साखळ्यांपैकी एक बाजूला ढकलली जाते. ही सुटी साखळी बंधक प्रथिनाने झाकलेली राहते. तिची दोन्ही टोके परस्परपूरक असल्याने ती एकमेकांना चिकटून भांड्याच्या दांड्यासारखा आकार घेतात. हा दांडा मूळ दुपदरी टोकासारखाच असल्यामुळे त्यावर पुन्हा आरंभ होतो आणि सुट्या साखळीलाही जोडीदार मिळतो. काही वेळा दोन्ही टोकांकडून एकाच वेळी सुरुवात होऊन मधे गाठ पडते.

संसर्गानंतर सुमारे सहा ते आठ तासांनी द्विगुणन सुरू होते. केंद्रकात डीएनए-बंधक प्रथिनाने दाटलेली केंद्रे तयार होतात आणि तेथे हे सर्व काम चालते. अंत्य प्रथिन नव्या डीएनएच्या टोकाला कायमचे जोडलेले राहते.

उत्तरकालीन जनुके

द्विगुणनानंतर विषाणूचा मुख्य उत्तरकालीन प्रवर्तक पूर्ण क्षमतेने कार्यान्वित होतो. त्यापासून एक लांबलचक आरएनए तयार होतो आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी कापून-जोडून एल१ ते एल५ अशा पाच कुटुंबांतील संदेश बनतात. या सर्व संदेशांच्या आरंभी तीन तुकडे जोडून बनलेला एक समान ‘त्रिखंडी अग्रभाग’ असतो. १९७७ चा आरएनए-संधानाचा शोध याच संदेशांच्या निरीक्षणातून लागला. आयव्हीए२ आणि एल४-२२के ही प्रथिने या प्रवर्तकाला चालना देतात, तर एल४-३३के संधानाला मदत करते. पुढे आयव्हीए२ आणि एल४-२२के डीएनए कवचात भरण्याच्या कामातही दिसतात.

पेशीचे स्वतःचे संदेश आता मागे पडतात. ई१बी-५५के व ई४ ओआरएफ६ यांची जोडी विषाणूच्या संदेशांना केंद्रकाबाहेर जाण्यास साहाय्य करते. पेशीद्रव्यात एल४-१००के हे प्रथिन पेशीच्या सामान्य प्रथिननिर्मितीत अडथळा आणते आणि त्रिखंडी अग्रभाग असलेल्या संदेशांना मात्र रायबोसोमकडे वाट करून देते.

कवचाची बांधणी

हेक्सॉन आपोआप आकार घेत नाही. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की मदतीशिवाय त्या चुकीच्या रीतीने दुमडून निरुपयोगी गोळे बनतात. हे टाळण्यासाठी एल४-१००के सोबतीचे काम करते. नुकत्याच तयार झालेल्या हेक्सॉन-साखळ्यांना धरून ते तिघींना योग्य रीतीने गुंफते आणि त्रिक पूर्ण झाल्यावर बाजूला होते. हे प्रथिन तापमानाला संवेदनशील असलेल्या उत्परिवर्तित विषाणूत, वाढीव तापमानाला, हेक्सॉनाच्या साखळ्या तयार होतात पण त्रिके होत नाहीत आणि कवचही उभे राहत नाही.

तयार हेक्सॉन पेशीद्रव्यात असतो, बांधणी मात्र केंद्रकात व्हायची असते. केंद्रकात जाण्यासाठी लागणारी ओळखखूण हेक्सॉनजवळ नाही. ती प्रथिन ६ च्या कच्च्या, म्हणजे न कापलेल्या, रूपाच्या शेपटीत आहे. प्रथिन ६ हेक्सॉनला धरून केंद्रकात घेऊन जाते. पेन्टॉन-पीठ व फायबर मात्र स्वतंत्रपणे केंद्रकात पोचून तेथे एकमेकांशी जुळतात.

प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी नऊ हेक्सॉनांचा एक गट असतो. प्रथिन ९ ची चार त्रिके त्यांच्या फटींत बसून हा गट बांधून ठेवतात. अशा २० गटांत १८० हेक्सॉन सामावतात. उरलेले ६० हेक्सॉन १२ शिरोबिंदूंभोवती पाच-पाच असे बसतात. प्रथिन ३-ए शिरोबिंदूंच्या आतील बाजूस राहून त्यांना शेजारच्या गटांशी जोडते आणि प्रथिन ८ आतून पृष्ठे एकमेकांना सांधते. प्रथिन ९ वगळलेला विषाणू तयार होतो, परंतु त्याचे कण उष्णतेने लवकर मोडतात. त्यावरून या छोट्या प्रथिनाचे मोल कळते.

डीएनए भरणे

बाधित केंद्रकात पेशीचा डीएनएही असतो. असे असूनही कवचात विषाणूचाच डीएनए जातो. त्याच्या डाव्या टोकाजवळ, साधारण २०० ते ३८० या स्थानांच्या दरम्यान, ‘भरण-क्रम’ असतो. ‘ए’ व ‘टी’ अक्षरांनी समृद्ध असा हा पुनरावृत्त क्रम आहे. त्यावर आयव्हीए२ आणि एल४-२२के बसतात. एल१-५२/५५के व प्रथिन ३-ए यांचाही या कामात वाटा असतो. यांपैकी एखादे प्रथिन नसले तर रिकामी किंवा अपुरी भरलेली कवचे निपजतात. भरण-क्रम दुसऱ्या टोकाला हलवला तरी काम चालते, मात्र तो काढून टाकला तर डीएनए कवचाबाहेरच राहतो. प्रथिन ७ हे भरण्यासाठी आवश्यक नाही, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे.

बांधणी व भरणी यांच्या क्रमाविषयी दोन मते मांडली गेली. पहिल्या मतानुसार कवच आधी पूर्ण होते आणि नंतर एका शिरोबिंदूतून डीएनए आत ढकलला जातो. अनेक जीवाणुभक्षी विषाणू हीच पद्धत वापरतात. दुसऱ्या मतानुसार डीएनए व कवच एकाच वेळी, एकमेकांच्या आधाराने आकार घेतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एल१-५२/५५के हे प्रथिन केंद्रकात द्रवथेंबांसारखे पुंजके तयार करते आणि कवचाची प्रथिने त्यात साठवून ठेवते असे आढळले. हे प्रथिन नसताना कवचे तयार होतात, परंतु ती डीएनएविना राहतात. कवचाचे भाग योग्य वेळी व योग्य जागी हाती यावेत ही जबाबदारी या पुंजक्यांवर असते, असा त्याचा अर्थ लावला जातो. दुसऱ्या मताला यामुळे बळ मिळाले.

परिपक्वता

डीएनए भरलेला नवा कण दिसायला पूर्ण असतो, पण तो संसर्ग करू शकत नाही. त्याचे कवच प्रमाणाबाहेर मजबूत असते. पेशीबाहेर टिकण्यासाठी कवच मजबूत हवे आणि पुढच्या पेशीत शिरल्यावर ते उघडायलाही हवे, या परस्परविरोधी गरजांचा मेळ विषाणूचे प्रोटिएज घालते.

हे विकर २०४ अमिनो आम्लांचे असून एकटे असताना जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला दोन सहायक लागतात : विषाणूचा डीएनए आणि प्रथिन ६ च्या शेपटीचा ११ अमिनो आम्लांचा तुकडा. डीएनएला चिकटल्यावर विकर थोडेसे जागे होते आणि प्रथिन ६ ची शेपटी कापते. तो तुकडा विकराशी गंधकबंधाने जोडला जातो आणि विकराची क्षमता हजारो पटींनी वाढते. त्यानंतर ते डीएनएच्या धाग्यावरून सरकत वाटेत येणारी प्रथिने कापत जाते. दोन्ही सहायक केवळ कवचाच्या आतच एकत्र येत असल्याने विकर अवेळी सक्रिय होण्याचा धोका टळतो. ते पेशीद्रव्यातच सक्रिय झाले असते तर प्रथिन ६ ची शेपटी तुटली असती आणि हेक्सॉन केंद्रकात पोचलाच नसता.

प्रोटिएज प्रथिन ३-ए, ६, ७, ८, म्यू, पूर्व-अंत्य प्रथिन आणि एल१-५२/५५के यांना ठरावीक ठिकाणी कापते. पूर्व-अंत्य प्रथिनाचे अंत्य प्रथिनात रूपांतर होते आणि एल१-५२/५५के चे तुकडे झाल्याने कवच व गाभा यांना जोडणारा दुवा सुटतो. प्रथिन ७ व म्यू यांची पकड सैल होऊन आवळलेला डीएनए आतून दाब निर्माण करतो. प्रथिन ६ दोन्ही बाजूंनी कापले गेल्याने हेक्सॉनच्या पोकळीतून मोकळे होऊ शकते.

याचा पुरावा ‘टीएस-१’ या प्रकार २ च्या उत्परिवर्तित विषाणूने दिला. जोसेफ वेबर यांनी १९७६ मध्ये त्याचे वर्णन केले. वाढीव तापमानाला वाढवल्यास त्याच्या कणांत प्रोटिएज जात नाही. हे कण पेशीला चिकटतात आणि आतही शिरतात, पण तेथे त्यांचे कवच उघडत नाही. प्रथिन ६ आतच अडकून राहते, एंडोसोम फाटत नाही आणि अखेरीस कणांचा नाश होतो.

पेशीबाहेर पडणे

परिपक्व कण केंद्रकात स्फटिकासारख्या रांगांत साठतात. संसर्गाच्या अखेरीस ई३ विभागातील ‘ॲडेनोव्हायरस मृत्युप्रथिन’ मोठ्या प्रमाणात तयार होऊन पेशी फुटण्यास मदत करते. प्रोटिएज पेशीच्या सांगाड्यातील सायटोकेरॅटिन-१८ हे प्रथिन कापून तिला आणखी कमकुवत करते. जादा तयार झालेले फायबरही वाया जात नाहीत. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या ‘कार’ रेणूंना चिकटून ते पेशींमधील सांधे ढिले करतात आणि नव्या कणांना वाट मोकळी होते.

वैद्यकीय महत्त्व

निरोगी व्यक्तीत ॲडेनोव्हायरसचा आजार बहुधा आपोआप बरा होतो. डोळे येण्याच्या साथींच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण असून ‘डी’ जातीतील प्रकार ८ मुळे बुबुळालाही इजा पोचू शकते. प्रकार ४० व ४१ लहान मुलांत अतिसार निर्माण करतात. २०२३ च्या सुरुवातीस पश्चिम बंगालमध्ये मुलांत श्वसनमार्गाच्या ॲडेनोव्हायरसची मोठी साथ आली होती. अस्थिमज्जा-रोपण झालेल्या व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत, विशेषतः मुलांत, हा संसर्ग सर्व शरीरात पसरून प्राणघातक ठरू शकतो.

अशा रुग्णांसाठी द्विगुणनाची माहिती थेट उपयोगी पडते. सिडोफोव्हिर हे औषध न्यूक्लिओटाइडसारखे दिसते आणि विषाणूच्या डीएनए-पॉलिमरेजला अडवते. त्याला मूळ मान्यता सायटोमेगॅलोव्हायरसच्या डोळ्यातील संसर्गासाठी मिळाली होती आणि मूत्रपिंडांना होणाऱ्या इजेमुळे त्याचा वापर जपून करावा लागतो. पूर्व-अंत्य प्रथिनावर आधारित आरंभ आणि दोन सहायकांवर चालणारे प्रोटिएज यांना मानवी पेशीत तंतोतंत समांतर घटक नाही. त्यामुळे नव्या औषधांसाठी ही दोन्ही लक्ष्ये महत्त्वाची मानली जातात.

लसी व जनुकोपचारात विषाणूच्या या परावलंबित्वाचा उपयोग करून घेतला जातो. ई१ विभाग काढून टाकला की विषाणू पेशीत शिरतो, पण ई१ए नसल्याने पुढील साखळी सुरू होत नाही. रिकाम्या जागी लसीसाठी हवे ते जनुक बसवता येते. असा विषाणू कारखान्यात वाढवण्यासाठी मात्र ई१ प्रथिने बाहेरून पुरवावी लागतात. ती पुरवणारी २९३ ही मानवी पेशीमालिका फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे तयार केली. तिच्या गुणसूत्रात प्रकार ५ चा ई१ विभाग कायमचा बसला आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने ‘कोव्हिशील्ड’ नावाने तयार केलेली लस याच तत्त्वावर आधारलेली आहे. तिच्यातील चिंपांझी-ॲडेनोव्हायरसचे ई१ व ई३ विभाग काढलेले आहेत. शिवाय त्याच्या ई४ विभागातील काही भागाच्या जागी मानवी प्रकार ५ चे ओआरएफ६ व शेजारचे भाग बसवले आहेत. २९३ पेशींतून मिळणारे ई१बी-५५के प्रकार ५ चे असल्यामुळे त्याला त्याच जातकुळीचा जोडीदार मिळतो व उत्पादन सुधारते.

द्विगुणन थांबवले तरी कवचाची प्रथिने शरीराच्या नजरेतून सुटत नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या एका चाचणीत ॲडेनोव्हायरस-वाहकाची मोठी मात्रा दिल्यानंतर एका १८ वर्षांच्या तरुणाचा तीव्र प्रतिकारप्रतिक्रियेने मृत्यू झाला. त्या घटनेनंतर अशा चाचण्यांचे नियम कडक झाले. पूर्वी झालेल्या संसर्गामुळे अनेकांच्या रक्तात हेक्सॉनविरोधी प्रतिपिंडे असतात आणि त्यामुळे लसीचा परिणाम कमी होऊ शकतो. मानवात क्वचित आढळणारे प्रकार किंवा चिंपांझीतील विषाणू लसीसाठी निवडण्यामागे हेच कारण आहे.

ई१बी-५५के नसलेला विषाणू कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठीही वापरला जातो. ‘एच१०१’ नावाच्या अशा विषाणूला चीनमध्ये २००५ साली डोके व मान यांच्या कर्करोगावरील उपचारासाठी मान्यता मिळाली. सुरुवातीला त्याची निवडकता केवळ पी५३ च्या अभावामुळे आहे असे मानले जात होते. ई१बी-५५के संदेशवहनातही भाग घेते हे समजल्यावर ते स्पष्टीकरण बदलावे लागले. कर्करोगाच्या पेशी विषाणूचे उत्तरकालीन संदेश या प्रथिनाविनाही केंद्रकाबाहेर पाठवू शकतात, निरोगी पेशींना ते जमत नाही.